बफ मारलेला अमोनाइट

भूशास्त्राच्या कच्छ फील्ड ट्रिपमध्ये मला आणि वर्गातल्याच एका मुलीला एकाच ओढ्यात अमोनाइटचे जीवाश्म सापडले. माझा वाटीएवढा, एकही वेटोळं न तुटलेला. तिचा लहान, मातीने बरबटलेला. तरी परतताना मला तिचाच हेवा वाटत होता. ती मुलुंडची, तिची आई कॉलेजात हाच विषय शिकवते. दगडाचं पुढे काय करायचं, हे तिला घरी विचारता येणार होतं.

आमच्या विभागातल्या काचेच्या कपाटात दर वर्षी एकच जीवाश्म ठेवतात, शेजारी शोधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. ती चिठ्ठी मला हवी होती. खरं सांगायचं तर, ती तिला मिळू नये असंही वाटत होतं.

साकीनाक्याला घरी आल्यावर आईला सांगितलं, हा समुद्रातल्या माकलाच्या नात्यातला, शंखात राहणारा प्राणी, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. ती म्हणाली, मग आता कालवणाक काय उपयोगाचो नाय. बाबा मात्र दगड हातात फिरवत राहिले. ते एका कारखान्यात पितळी नळांना बफ मारून चकाकी आणतात. मी त्यांना म्हटलं, तिच्यापेक्षा माझा उठून दिसला पाहिजे.

"माका दी. आरशासारखो करून देतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फडक्यात गुंडाळून आणला. इतका चमकत होता की मला आनंदच झाला.

सरांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, शंखावरच्या कंगोऱ्यांवरून याची जात ओळखायची असते, तेच गेले. कोणी घासलं, असं त्यांनी विचारलं.

"मीच, सर."

तिने तिचा नुसत्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने साफ केला होता. तिच्या आईने तसंच सांगितलं होतं म्हणे. कपाटात तिचाच गेला. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "अगं, मला विचारायचंस ना." तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, कपाटात ठेवला का. मी हो म्हटलं. त्यांनी ते शेजारी सांगितलं, कारखान्यातही सांगितलं. आता शनिवारी अर्धी रजा काढून ते बघायला येणार आहेत.

तासाभरासाठी तिची चिठ्ठी काढून माझा दगड तिथे ठेवू का, हे मला तिलाच विचारावं लागणार आहे. ती हो म्हणेल, हे मला माहीत आहे. त्याचाच जास्त राग येतो.