ड्रायव्हरच्या बाजूची फळी

"खांद्याले खांदा लागते, मिस्त्री. पाहणाऱ्याले समजत नाही, मालक कोणता अन् ड्रायव्हर कोणता."

धाड गावाकडचे एक देशमुख माझ्या बुलढाण्याच्या गॅरेजात उभे राहून तक्रार करत होते. समोर त्यांची छोटी स्पोर्ट गाडी. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून नागपुरात घेतलेली. आत दोनच सीटा. स्वतः स्टेअरिंग धरणं देशमुखांना कमीपणाचं वाटे, म्हणून महादू नावाचा ड्रायव्हर ठेवलेला. मग तो बसणार कुठे? मालकाच्या मांडीला मांडी लावूनच!

काम असं होतं. मालकाच्या सीटमागची आडफळी कापून ती सीट वीतभर मागे न्यायची. महादूच्या सीटखालचं खोकं काढून टाकायचं, म्हणजे तो खाली बसेल. मनात म्हटलं, काय माणूस आहे हा! तोंडाने मात्र "हो मालक" म्हटलं.

खोकं काढल्यावर गाडीचा तळ दिसला. त्या काळी अशा गाड्यांचा तळ लाकडी असे. लोखंडी चौकटीवर बोल्टने कसलेल्या फळ्या, त्यांवरच सीट आणि त्यांवरच पाय. तपासायची रीत सोपी, पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर टोचत जायचं. मालकाची बाजू टणक लागली. महादूच्या बाजूला बॅटरी होती. तिचं तेजाब सांडून सांडून फळी पार कुजली होती. पेचकस मुठीपर्यंत आत गेलं.

"मालक, ही फळी बदला लागते. सागवान आणून बसवाले चार दिवस लागतीन."

"परवा डेप्युटी कमिशनर साहेबाकडे चहा हाय. माह्या बाजूची कशी हाय?"

"ती पक्की हाय. पण ही..."

"काऊन? तू बसणार हायस काय तिथं? त्या काडीपहिलवान महादूच्या वजनानं काय होते! पत्रा ठोक वरून."

पत्रा ठोकला. मीच ठोकला. साहेब लोकांच्या गाड्या माझ्याकडे यायच्या त्या देशमुखांच्या शब्दावर.

महादू गाडी न्यायला आला. खाली बसून, मान ताणून त्याने रस्ता दिसतो का पाहिलं. मग पत्र्यावरून हात फिरवला. "मिस्त्री, खालून पक्कं हाय ना?"

देशमुख दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी म्हणालो, "हाव."

चहाला जातानाच वळणावर बैलगाडी आडवी आली. महादूने सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि त्याच्याखालची फळी मोडली. पत्रा फाटला, त्याचा पाय खाली रस्त्यावर गेला आणि गाडी त्याला फरफटत घेऊन बाभळीला टेकली. देशमुखांना खरचटलंही नाही. महादूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी परत माझ्याकडेच आली. "आता ह्या बाजूले बी सागवान घाल," देशमुख म्हणाले. "नवा ड्रायव्हर भरल्या अंगाचा हाय."

चार दिवस लागले. या वेळी घाई नव्हती.

पुढे महादू कुबडी टेकत गॅरेजात आला. मी चहा मागवला, देशमुखांना शिव्या घातल्या. त्याने चहाला हात लावला नाही.

"मालकाले मी इचारलंच नव्हतं, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमाले इचारलं होतं."

तेव्हापासून कुठल्याही गाडीच्या तळाची खबर मी मालकाला नंतर देतो. आधी त्यावर बसणाऱ्याला.