किल्ल्या पूजेत होत्या

ती घटना आजही आठवते, असे म्हणण्याचा अधिकार त्या दिवशी तिथे हजर असलेल्या माणसालाच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडे मात्र जे हजर नव्हते त्यांनाच ती अधिक तपशीलवार आठवू लागली आहे. मध्यंतरी एका सत्कार समारंभात माझ्याच एका माजी वरिष्ठांनी ती व्यासपीठावरून सांगितली. त्यांच्या कथेत तपास त्यांनीच लावलेला आहे, देवीची अखंड तेवणारी समई आहे आणि बुटासकट आत घुसून ती विझवणारा एक उर्मट फौजदार आहे. सभागृह पोट धरून हसले. तो फौजदार मी. हे वरिष्ठ त्या दिवशी पन्हाळ्यावर सरकारी पाहुण्यांच्या सरबराईत होते. बुटांचा आरोप मला मान्य आहे, समईचा नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. खंडेनवमीचा दिवस होता. कोल्हापुरात त्या दिवशी लेथ मशीनपासून कात्रीपर्यंत प्रत्येक हत्याराची पूजा होते आणि पूजेला लावलेले हत्यार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. पोलीस ठाणेही त्याला अपवाद नव्हते. आमच्या रायफली भिंतीशी ओळीने उभ्या करून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पुढे पाटावर लाठ्या, बेड्या आणि हळदीकुंकू. मी दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्याचा बंदोबस्त लावत बसलो होतो.

दुपारी नदीच्या अंगाच्या पेठेतले एक नामांकित सराफ ठाण्यात आले. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, दुःखाने नव्हे. पहिल्या दृष्टिक्षेपात हा फरक ओळखता आला पाहिजे, असे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे.

"सून पळाली," ते म्हणाले. "अंगावर सणाचं सगळं सोनं हाय. साज, पाटल्या, टिक, सगळं. सकाळी पूजा झाली आन् त्यानंतर कुणी बघितली न्हाई."

त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनवर शोधायला गेला होता. मी बेपत्ताची नोंद घेतली आणि जमादारांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्याशी सुनेच्या चपला जागेवरच होत्या.

"पळून जाणारी बाई अनवाणी जाते का?" मी विचारले.

सराफांच्या पत्नी देवघराच्या दारात उभ्या होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "नवरात्राचे नऊ दिवस ती अनवाणीच असते साहेब. तेवढं एक बरं करत होती."

याच भेटीत त्यांनी मला अभिमानाने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या वर्षी घरात तिजोरीची नवी खोली बांधली होती. माणूस उभ्याने आत जाऊ शकेल अशी, जाडजूड काँक्रीटची, भिंतीत रेल्वेचे जुने रूळ घातलेली. त्या खोलीची ही पहिलीच खंडेनवमी. सकाळी आत तराजू आणि वजने पूजेला मांडली, तेलाने काठोकाठ भरलेली समई लावली, दार बंद केले आणि दोन्ही किल्ल्या आणून देवघरात घटापुढे ठेवल्या. आता दसऱ्याला शिलंगण झाल्यावरच दार उघडायचे. मी ते ऐकले, मान डोलावली आणि बाहेर पडलो.

कोपऱ्यावर माझा खबऱ्या उभा होता. तो त्या पेठेत टांगा चालवी. घोड्याच्या मानेवर हात फिरवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "साहेब, खोली बांधणारा तो उद्यमनगरातला पोरगा. काम चालू हुतं तवा ह्या सूनबाईसंगं लई बोलायचा. दुसरं कुणी नसताना. दोघंबी गप गप बोलायची."

"काय बोलायची?"

"त्ये घोड्याला ठावं. मला लांबनं काय ऐकू येतंय?"

खबर नेहमी अशीच अर्धी असते. उरलेली अर्धी आपण आपल्या मनातून भरतो, आणि तिथेच तपास फसतो. मीही ती भरली. विवाहित स्त्री, तरुण कारागीर, अंगावर सोने. मी जीप उद्यमनगरकडे वळवली.

जमादार मागून म्हणाले, "साहेब, बेड्या पूजेत हायत."

"माहीत आहे. हाताला धरून आणू."

तो तरुण मुंबईला तिजोऱ्यांच्या कारखान्यात काम शिकून आलेला होता. परत येऊन त्याने स्वतःचे शेड टाकले होते आणि सराफ, अडते, साखरेचे व्यापारी यांच्यासाठी मजबूत खोल्या बांधत होता. मी गेलो तेव्हा तो नवा सदरा घालून, माळा घातलेल्या यंत्रांसमोर प्रसाद वाटत होता. पळून जायच्या तयारीतला माणूस प्रसाद वाटत नाही, हे मला तेव्हाच जाणवायला हवे होते. पण मी त्याला ठाण्यात आणले आणि समोर उभे केले.

"बाई कुठे आहे?"

"कुठली बाई साहेब?"

नाव सांगताच तो गडबडला. गडबडणे म्हणजे गुन्हा नव्हे, तरी चौकशीत आपण त्यावरच जोर देतो. मीही दिला. जमादारांनी टेबलावर हात आपटला. तो घाबरला, तरी त्याच्या उत्तरात बदल होईना. शेवटी मी विचारले, "इतके दिवस तिच्याशी काय बोलत होतास?"

"ती एकच इचारायची साहेब. आत माणूस अडकलं तर?"

"आणि तू काय सांगायचास?"

"म्हनलं, त्याचीच सोय केलीया. दाराला आतनं मूठ ठेवलीया, फिरवली की कुलूप सुटतंय. आन् वर छताला हवेचं भोक, वाकडं, म्हंजे बाहेरनं काय घालता येत न्हाई. तर मालक खवळलं. म्हनालं, आतनं उघडती ती तिजोरी कसली? मूठ कापायला लावली. भोक चोराची वाट हाय म्हनून त्यात सिमेंट भरलं. दाराला भवतीनं रबराची पट्टी तर आधीच हुती. पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं तरी आत थेंब जाऊ नये म्हनून."

"म्हणजे हवाही जाणार नाही?"

"वाराबी जाईत न्हाई," तो म्हणाला. एरवी हेच वाक्य तो गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगत असणार. आता ते त्याच्या तोंडातून कसेबसे बाहेर पडले. मग त्यानेच मला विचारले, "साहेब, आज खंडेनवमी. खोली उघडी हाय का बंद?"

"सकाळपासून बंद आहे."

"आत किती सामान हाय? कपाटं भरून हायत?" मग एकदम, "दिवा लावलाय?"

"समई. काठोकाठ तेल घालून."

तो दाराकडे वळला. "दिवाबी तीच हवा खातो साहेब."

सगळे तुकडे माझ्या हातात दुपारपासून होते. चपला, बंद दार, समई. तपासाचे श्रेय आपल्याकडे घेणाऱ्या माझ्या वरिष्ठांना या क्षणाबद्दल काहीच सांगता येत नाही, कारण श्रेय घेण्यासारखे त्यात काही नव्हते. मला फक्त भीती वाटली. मी त्याला जीपमध्ये घातले आणि निघालो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात जीप हाकणे म्हणजे काय, हे ज्याने हाकली आहे त्यालाच कळेल. रस्त्यावर झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या पाट्या, ऊस घेऊन उभ्या बैलगाड्या. हॉर्न वाजवला की लोक हसून हात जोडत आणि उद्याच्या शुभेच्छा आजच देत. "अवो पावणं, सरका की!" जमादार अर्धे बाहेर लटकून ओरडत होते. त्या तरुणाच्या ओठांची हालचाल चालू होती. तो प्रार्थना करत नव्हता, हिशेब करत होता. खोलीची लांबी, रुंदी, कपाटांनी अडवलेली जागा. मी त्याला गप्प बसायला सांगितले. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

घरी सराफ दारात उभे होते. "सापडली?"

"किल्ल्या द्या. खोली उघडायची आहे."

"खोली? खोलीचा काय संबंध? किल्ल्या घटापुढं हायत. उद्या शिलंगणाशिवाय हलायच्या न्हाईत."

"तुमची सून आत आहे."

ते हसले, खरोखर हसले. "साहेब, दार मी माझ्या हातानं लावलंय. मी आंधळा हाय व्हय?"

"दार लावण्यापूर्वी आत वाकून पाहिलेत?"

त्यांची नजर खोलीच्या दाराकडे गेली. त्यांच्या पत्नी देवघराच्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "घरची अब्रू गेली ती गेली. आता घटसुद्धा मोडायला निघालात? पायात बूट घालून?"

मी बूट काढले नाहीत. कितीही सत्कार समारंभ झाले तरी मी ते नाकारणार नाही. कातडी बुटांच्या नाड्या सोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ माझा नव्हता. मी त्यांना ओलांडून आत गेलो. फुलांखालून दोन्ही किल्ल्या उचलल्या. माझ्या मागे जमादारांनी टोपी काढून घटाला नमस्कार केला आणि मग सराफांना दोन्ही खांद्यांना धरून अलगद बाजूला केले. "मालक, सरा बाजूला. पाप माझ्या नावावर टाका की."

खोलीच्या पोलादी दारावर मी किल्लीने ठोकले. आतून काही नाही. "ऐकू येनार न्हाई," तरुण म्हणाला, "भिंत जाड हाय." त्याने किल्ली हातात घेतली तर ती भोकात जाईना. किल्ली मी घेतली. "आधी खालची. उलटी. आता वरची." त्या क्षणी माझ्या मनात दोनच विचार होते. ती आत नसेल, तर देव्हारा बाटवल्याबद्दल माझी नोकरी गेली. ती आत असेल, तर कशी असेल?

दार सुटले तेव्हा आतून उबट, जळक्या तेलाची हवा अंगावर आली. ती उंबऱ्याशीच आडवी पडली होती. दाराच्या फटीला तोंड लावून, जणू रबराच्या पट्टीतून थेंबभर वारा येईल. अंगावर सगळे सोने जागच्या जागी होते. तिला मी आणि त्या तरुणाने उचलून अंगणात आणले. तिचा श्वास लांब लांब, भात्यासारखा चालू होता. चालू होता, एवढेच मला पुरे होते. सराफ खाली बसले आणि आपलीच टोपी घेऊन तिला वारा घालू लागले. सकाळी दार लावताना ती आरतीचे ताट घ्यायला परत आत शिरली होती आणि कपाटाआड होती, हे नंतर कळले.

तेवढ्यात खोलीच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"समई कुणी विझवली?"

सुनेने डोळे उघडले. ती सासूकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काजळीने काळी झाली होती. मी तिच्या हातावर तिचाच पदर ओढला.

"मी," मी म्हणालो. "दार उघडताना धक्का लागला. काय म्हणायचे ते मला म्हणा."

आणि म्हटले. माझ्याविरुद्ध अर्ज गेला, माझ्याकडून खुलासा मागवला गेला, आणि आज व्यासपीठावरून हसवणाऱ्या त्याच वरिष्ठांनी मला लेखी समज दिली. पेठेत कथा तयार झाली की समईने तिचा जीव राखला आणि पोलिसाने ती विझवली. मी ती खोडली नाही.

सरकारी दवाखान्यात तिचा जबाब घेतला तेव्हा तिने मला खरे सांगितले. तिचे आजोळ सांगलीकडचे. तिथे हळद साठवायची खोल पेवे असतात. "पेवात उतरायच्या आधी दिवा सोडून बघत्यात साहेब. दिवा इझला तर मानूस उतरत न्हाई. दिवा आन् मानूस एकाच हवेवर जगत्यात, हे ल्हानपनापासनं बघितलंया. लई हाका मारल्या, दार बडवलं. मग देवीला हात जोडलं आन् वात चिमटली." मग ती म्हणाली, "अंधाराचं भ्या न्हवतं वाटलं. सासूबाईंचं वाटलं. हे लिवू नका." गुन्हा कोणताच नव्हता, त्यामुळे वातीचा उल्लेख जबाबात असण्याचे कारणही नव्हते. मी लिहिले नाही.

दिवाळीपूर्वी सराफांनी त्या तरुणाला बोलावून मूठ पुन्हा बसवून घेतली आणि छताचे सिमेंट फोडून भोक मोकळे केले. माफी मागितली नाही, मजुरी मात्र घासाघीस न करता दिली. त्या तरुणाने पुढे आतली मूठ नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम घेतले नाही. त्यामुळे त्याची काही मोठी कामे गेली. त्याबद्दल कुठल्या समारंभात त्याचा सत्कार झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, तक्रारदार काय गेले ते सांगतो तेव्हा त्याने काय बंद केले तेही विचारा. आपल्या वस्तू जपण्यासाठी माणूस भिंती जाड करत जातो, फटी बुजवत जातो, आणि त्या घरात श्वास घेणारी माणसेही राहतात हे त्याच्या लक्षातून जाते. त्या दिवशी त्या घरात सोन्याची नोंद सगळ्यांकडे होती. माणसे कोणी मोजली नव्हती.

सासूबाई वारल्या, सराफही गेले. समारंभातली ती कथा कानावर गेल्यावर त्या बाई माझ्या घरी आल्या. आता त्याच घरच्या कर्त्या आहेत. चहाला हात न लावता म्हणाल्या, "साहेब, माझं नाव तेवढं सोडा आन् सगळं लिवा. समई मी इझवली. तुमी कशापायी अजून बोलनी खाताय?"

गेल्या खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावले. तराजूची पूजा झाली. समई आता खोलीबाहेर, कोनाड्यात लावतात. दार लावण्यापूर्वी बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव मोठ्याने घेऊ लागल्या. मुलगे, सुना, नातवंडे, स्वयंपाकाच्या मावशी. ज्याचे नाव येई तो जिथे असेल तिथून "हाय!" म्हणून ओरडे. सगळी नावे संपली तरी त्यांनी दार लावले नाही.

"आन् फौजदार साहेब?" त्या म्हणाल्या.

मी अंगणातल्या खुर्चीत बसलो होतो. बूट दाराबाहेर काढून.

"हाय," मी म्हणालो, आणि दार लागले.