साडेपाचचं भजन

आबांच्या शेजारच्या मावशींचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. आबा दार उघडत नव्हते म्हणून पोरांनी कडी तोडली, एवढंच सांगून त्या रडायला लागल्या... मी देहूरोडहून आंबीला पोहोचेपर्यंत, माझे वडील गेले हे साऱ्या गावाला कळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले, झोपेत. त्याला आता दीड महिना झाला.

आई गेल्यावर आबा आंबीत एकटेच राहत. माझ्याकडे या म्हटलं की भाताच्या रोपांचा विषय काढायचे. निदान सोबतीला गाणी असावीत म्हणून मी ॲप घ्यायचं ठरवलं, तर घरात महाभारत. माझ्या मुलीला नवी गाणी हवीत. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात बसणाऱ्या माझ्या बहिणीला, शोभाला, जुनी सिनेमाची. आबांना भजनं, आणि तीही बिनजाहिरातीची. "भजनात साबण कशाला इकत्यात?" हा त्यांचा सवाल. तीन ॲपं लावून पाहिली, भांडलो, आणि शेवटी भजनं भरपूर असलेलं एक घेतलं. एकच अकाउंट सगळ्यांच्या फोनवर घातलं.

गोची अशी की एकाने लावलं की दुसऱ्याचं बंद. सकाळी मी दाढी करताना गाणी ऐकतो. बरोबर साडेपाचला माझं गाणं थांबायचं, म्हणजे तिकडे आबा उठून भजन लावत. सातला शोभा चहा ठेवताना लावायची, मग आबांचं बंद. मी जाम वैतागायचो. आबा मात्र ओट्यावरून मावशींना सांगत, आमची शोभी उठली.

घरातला शहाणा मीच. दिवाळीला फॅमिली प्लॅन घेतला, प्रत्येकाचं अकाउंट वेगळं केलं, कुणाची कुणाला कटकट नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात विचारलं, आता कसं चालतंय?

"झ्याक चालतंय. मधी तुटत न्हाई. पन तुमी उटला का न्हाई, ते बी कळत न्हाई."

मग फोन करत जा, मी म्हणालो.

"सकाळच्या पारी फोन कशाला? कामाची मानसं तुमी."

मी ते हसण्यावारी नेलं. त्या हसण्याची आज लाज वाटते.

आबा गेले त्या सकाळीही मी दाढी करत होतो. जुनंच अकाउंट असतं, तर साडेपाच होऊन गेले तरी गाणं थांबलं नाही हे मला खटकलं असतं. मी लगेच मावशींना फोन केला असता. जीव वाचला नसता, डॉक्टरही तेच सांगतात... पण आबा अकरापर्यंत बंद दाराआड तसेच पडून राहिले नसते. त्या दिवशी माझी सगळी गाणी मात्र अगदी व्यवस्थित, ओळीने वाजली.

शोभा म्हणते, दादा, परत एकच अकाउंट करू. करूही. पण साडेपाचला माझं गाणं बंद पाडणारं आता कुणी नाही.