सासूबाईंचा तिसरा पाठ

साक्षरतेचा पुरस्कार मला मिळाला, तो माझ्या सासूला 'बैल' वाचता आला नाही म्हणून. हे मी आता रागाने सांगत नाही. रागाचे दिवस होते तेव्हा रागानेही पुष्कळ सांगून झालं.

नव्वदच्या दशकात गावोगाव प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले. मुरगूडला आमच्या गल्लीतल्या बायकांना शिकवायला बारावी झालेली बाई हवी होती, आणि तशी गल्लीत मी एकटीच. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. सून उंबऱ्याबाहेर पडली की हाताबाहेर गेली, असं त्यांचं मत. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, चुलीपासून ओरडल्या, "मला शिकायचं हाय! मी बी तिच्यासंगं जाणार."

बायकोला नाही म्हणायची सासऱ्यांची छाती नव्हती. "बरं," ते म्हणाले, "तुला वाचाय येईस्तवर जावा दोघी. आलं की बास. मग हिनं घरात बसायचं."

दूध संस्थेच्या व्हरांड्यात, संध्याकाळचं दूध घालून झालं की वर्ग भरायचा. बायका अक्षरं कमी गिरवायच्या आणि गल्लीच्या बातम्या जास्त. मीही तिथे पोट धरून हसायची. घरात तसं हसायची सोय नव्हती. तरी एकेक जण वाचायला लागली. वाचायला आलं तरी बायका यायच्याच, वर नव्या येऊन मिळायच्या. आत्याबाई मात्र पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या पाठावर जाऊन बसल्या त्या बसल्याच. मी 'बैल' या शब्दावर बोट ठेवायची. त्या शेजारचं चित्र न्याहाळायच्या.

"ह्याचं शिंग जरा वाकडं हाय की."

"चित्र नको, अक्षर बघा!"

"अक्षर बी वाकडंच हाय."

बायका खिदळायच्या. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, मी पुस्तक आपटायची. घरात त्यांच्यापुढे मान वर करता येत नसे, म्हणून वर्गात मी सगळं व्याजासकट वसूल करायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं तोंडावर म्हणायची. त्या पदर तोंडाला लावून मुकाट ऐकायच्या, आणि घरी गेल्यावर मला सगळी भांडी घासायला लावायच्या.

अशी वर्षं गेली, नवं शतक उजाडलं. कोल्हापुरात एका गुरुजींच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी दरवर्षी पुरस्कार देत. गुरुजींनी निवृत्तीनंतर बाजारातल्या हमालांना शिकवलं होतं, म्हणून पुरस्कारही प्रौढांना शिकवणाऱ्यालाच. कुणीतरी माझं नाव कळवलं, आणि निवड समितीचे एक सर आमचा वर्ग बघायला येणार असं ठरलं. मला तो पुरस्कार हवाच होता. लग्नपत्रिका सोडली तर माझं नाव आजवर कुठे छापून आलं नव्हतं.

"आत्याबाई, एवढा एक पाठ वाचा. पाया पडते तुमच्या."

"बघू की," त्या म्हणाल्या.

सर आले. बायकांनी धडाधडा वाचून दाखवलं. सर खूश. शेवटी आत्याबाईंची पाळी. त्यांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं आणि सरांपुढे केलं.

"पावणं, तुमीच सांगा. ह्याचं शिंग वाकडं हाय का न्हाय?"

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं सुतक नव्हतं.

आणि पुरस्कार मलाच मिळाला! समारंभात सर माईकवरून म्हणाले, "यश येत नसतानाही स्वतःच्या सासूला वर्षानुवर्षं शिकवत राहायचं, याहून मोठं समर्पण कोणतं?" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी चारी दिशांना नमस्कार केला, पुरस्कार जणू त्यांनाच मिळालाय. गुरुजींच्या पत्नी माझ्या खांद्यावर शाल घालताना हळूच म्हणाल्या, "सोडू नका हं त्यांना."

एसटी स्टँडवर येईपर्यंत मी धुमसत होते. एका हातात सन्मानचिन्ह, दुसऱ्यात नारळ. "तुमच्यापायी शोभा झाली माझी," म्हणत मी समोरच्या गाडीत पाय ठेवला, तोच मागून पदराला हिसडा बसला.

"उतर की! गगनबावड्याला निघालीस व्हय? पाटी बघ!"

मी उतरले. पाटी बघितली. मग आत्याबाईंकडे बघितलं.

"तुम्ही वाचलंत?"

"हळू बोल. आपल्या गावची मानसं असत्यात हितं."

"कधीपासनं येतंय तुम्हाला?"

"पयल्याच वर्साला आलं."

"आणि माझ्या एवढ्या शिव्या खाल्ल्या?"

"मग काय करू? मला आलं की वर्ग बंद. तुझं मामा काय म्हणाल्यालं, इसरलीस? तू तितं हसतीस तशी घरात कदी हसल्यालं मी बघितलं न्हाय, पोरी."

मला भर स्टँडवर रडू फुटलं. डोळे पुसायला हात रिकामा नव्हता. त्यांनीच आपल्या पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चल, मुरगूड लागली."

घरी सासरे धार काढून सोप्यात बसले होते. त्यांनी शाल चाचपून बघितली, सन्मानचिन्ह उलटंपालटं केलं.

"झ्याक हाय. मग, आलं का न्हाय हिला वाचाय?"

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. फुंकणी तेवढी थांबली.

"कुठलं मामा!" मी शालीची घडी घालत म्हटलं. "अजून बैलावरच अडकल्यात."

"अवघड हाय," सासरे म्हणाले. "जावा मग उद्या."