टाचण्यांची पाठ

कपड्यांच्या दुकानातले काचेमागचे पुतळे सजवण्यात मावशींची हयात गेली. कुठलाच ड्रेस पुतळीच्या कमरेला धड बसत नसे. मग मावशी तो पाठीमागून मूठभर टाचण्यांनी आवळत आणि पुढून तो चापूनचोपून बसलेला दिसे.

एकदा ट्रायल रूममधून एक मुलगी डोळे पुसत बाहेर आली. "पुतळीला कसा शोभतो! मीच जाडी, दुसरं काय," ती आईला म्हणाली.

मावशींचं पित्त खवळलं. त्यांनी तरातरा जाऊन पुतळीची पाठ रस्त्याकडे फिरवली.

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?" मालक ओरडले.

"बघू दे की लोकांना!"

संध्याकाळी घरी निघताना मावशींना त्याच काचेत, टाचण्यांच्या शेजारी, स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. त्यांनी सवयीने पोट आत ओढून घेतलं.