नेल्फीचा पडणारा चेंडू

रादामेस अकरा वर्षं एकच चेंडू टाकत आला. सरळ, सुसाट, बॅटरच्या नाकासमोरून. सान पेद्रोच्या साखर कारखान्याच्या बेसबॉल टीमला तेवढा पुरायचा. शेजारच्या कारखान्याशी वर्षाची मोठी मॅच असली की सुरुवात त्यानेच करायची, हे ठरलेलंच. आणि मग आला नेल्फी. वय वीस, दंड काडीसारखे, पण चेंडू असा की बॅटरपर्यंत गुमान येतो आणि तिथे एकदम खाली पडतो!

एकदा तर रादामेसची स्वतःची बायको, अल्ताग्रासिया, उडी मारून ओरडली, "अगं बाई, पडला बघ कसा!"

"माझ्यासाठी मारलीस का कधी उडी?" त्याने घरी विचारलं.

"तुझा पडतो कुठे?" ती उकडलेली केळी घोटत म्हणाली.

झालं. अंगाचा नुसता जाळ. नेल्फीला विचारलं असतं तर त्याने हसत शिकवलं असतं, पण विचारणार कोण, जीव गेला तरी नाही! तीन महिने तो बाजूला बसून नेल्फीची बोटं बघायचा. दोन बोटं फाकवायची, चेंडू मधे दाबायचा. मग घरी कुंपणावर एकट्याने तेच, शेकडो वेळा. जमला एकदाचा! आणि बघता बघता अजून एक दिसलं. चेंडू ग्लव्हमध्ये लपवून बोटं फाकवताना नेल्फीचा तो ग्लव्ह इंचभर उघडायचा. फक्त त्याच चेंडूला. म्हणजे हुशार बॅटरला आधीच कळणार. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

नाही सांगितलं.

मॅचच्या दिवशी मॅनेजर ताविटोकाका म्हणाले, "सुरुवात नेल्फी करेल." रादामेस ऊस चावत बसला. तिसऱ्या इनिंगमध्ये समोरच्यांना ग्लव्ह कळलाच. पडणारा आला की सोडून द्यायचे, खाली गेलेला चेंडू वायाच, सरळ आला की धाड! चार रन गेले.

"रादा, ऊठ!" ताविटोकाका ओरडले.

नेल्फीने डोळे पुसत त्याच्या हातात चेंडू दिला. आणि खोटं कशाला बोला, रादामेसला ते गोड वाटलं.

त्याने पहिलाच पडणारा टाकला. बॅटर हललाच नाही. परत पडणारा. परत नाही. समोरच्या बाकावर कोणीतरी खिदळलं, "अरे, हाही तसलाच!" मग सरळ टाकला, तो थेट उसाच्या शेतात.

"दादा, ग्लव्ह!" बाकावर उभा राहून नेल्फी बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "उघडतोय तुझा! पोटाशी दाब! माझाही उघडत असणार, आत्ता कळलं मला!"

रादामेसने खाली बघितलं. खरंच की. बोटांबरोबर तेही उचललं होतं त्याने.

ग्लव्ह पोटाशी घट्ट. पडणारा. पुढचा बॅटर हवेत बॅट फिरवून गुडघ्यावर आला, आणि अल्ताग्रासियाने उडी मारली. हेच हवं होतं ना त्याला? पण त्याचं लक्ष बाकाकडे. नेल्फी टाळ्या पिटत होता, अगदी मनापासून, येडा. जे रादामेसने इतके दिवस पोटात ठेवलं, ते नेल्फीने एका मिनिटात ओरडून सांगून टाकलं होतं.

'हेही यालाच जमतं,' रादामेस चरफडला आणि पुढच्या चेंडूसाठी बोटं फाकवली.