कोऱ्या पाठीचं घड्याळ

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ दोन घड्याळं होती. एक मनगटावर, माझं. दुसरं पर्समध्ये, सुती रुमालात गुंडाळलेलं, पणजोबांचं. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते आणि हे घड्याळ त्यांना पलटणीतून मिळालं, असं आमच्या घरी सांगतात. त्यांचा फोटो नाही, कागद नाही. त्यांना पाहिलेलं घरातलं एकच माणूस उरलंय, माझी उमरेडची आत्या.

समोरच्या बाकावरच्या काकूंनी वेळ विचारली. मी तळहात वर केला आणि सांगितली. “घड्याळ उलटं घातलंयस का गं?” त्या म्हणाल्या. सवय आहे म्हणाले आणि खिडकीकडे वळले. आमच्या घरी सगळेच तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवतात. शाळेत मुली यावरून हसायच्या, म्हणून मी बाह्या लांब ठेवायला शिकले, पण घड्याळ फिरवलं नाही.

उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी आत्याला म्हणालं, की बुढ्यानं घडी बाजारातून घेतली असन अन् तुम्ही लढाईच्या गोष्टी सांगता. आत्या न जेवता उठली. मी पुण्याला निघाले तेव्हा तिने घड्याळ माझ्या हातात दिलं. “कोन्या जाणकाराले दाखव. खरं असन तं खरं, खोटं असन तं खोटं. मले मरायच्या आंदी कळलं पाह्यजे.”

अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी वाक्यं मनात जुळवून घेते. तरी चार ठिकाणी फोन केले. शेवटी जुनी फौजी घड्याळं जमवणारे एक निवृत्त सुभेदार सापडले, तेही उमरेडजवळच्या नागपूरचेच. फोटोवरून काही सांगता येत नाही, घेऊन या, म्हणाले. दसरा जवळ आला होता. सुभेदारांकडे जाऊन तसंच उमरेडला जायचं ठरवलं.

नागपूर स्टेशनाबाहेर सकाळीच ऊन चढलं होतं. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती, त्यामुळे नाव ऐकताच ऑटोवाल्याने आवाज खाली आणला आणि कोण भरती आहे असं विचारलं. कुणी नाही म्हणाले तरी त्याला पटलं नसावं, कारण खड्ड्यांतून तो फार जपून चालवत राहिला. वाटेत त्यानेच सुचवलेल्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा). पहिल्याच घासाला ठसका लागला आणि पांढऱ्या कुर्त्यावर लालभडक ओघळ उतरला. अशा अवतारात मी सुभेदारांची घंटी वाजवली.

ते एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. जिन्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक, वर काचेच्या कपाटात ओळीने घड्याळं. सुभेदारांनी डागाकडे पाहिलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि भिंग डोळ्याला लावलं.

आधी ते खूश दिसले. पट्टा अडकवायच्या दांड्या झाळून पक्क्या केलेल्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. फौजी घड्याळाच्या दांड्या अशाच असतात, ऐन धावपळीत पट्टा निसटू नये म्हणून. तबकडी कुणीतरी नंतर रंगवली आहे, ते चालायचंच. मग त्यांनी घड्याळ पालथं केलं आणि पाठीवरून बोट फिरवलं.

“पाठ कोरी आहे,” ते म्हणाले.

सरकारी घड्याळाच्या पाठीवर बाणाची खूण आणि नंबर असतो, हे मीही वाचलं होतं. आमच्या घड्याळाची पाठ गुळगुळीत होती, पण खुणा मिटल्या असतील एवढंच मी धरून चालले होते. कशा मिटल्या, हा विचार केला नव्हता. तो सुभेदारांनी केला. घड्याळ सरकारचं, शिपायाला फक्त वापरायला दिलेलं. लढाई संपल्यावर बरीच परत जमा झाली, काही पुढे बाजारात विकली गेली. काही मात्र परत गेलीच नाहीत.

“बेटा, बुरा मत मानना. चोरीची घड्याळं लोक अशीच घासून टाकत.”

खाली रुग्णवाहिका येऊन थांबली. काही घड्याळांत खूण पाठीच्या झाकणाच्या आतही असते, असं मी वाचलं होतं. मला विचारायचं होतं, झाकण उघडून पाहता का? तोंडातून निघालं, “थँक यू.” घड्याळ रुमालात बांधलं आणि जिना उतरले.

उमरेडच्या एसटीत जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. कोळशाचे ट्रक समोरून येत होते आणि खिडकी बंद होत नव्हती. ‘बाजारातलं’ हा शब्द आत्याला उपाशी उठवून गेला. ‘चोरीचं’ हा शब्द तिच्यापुढे कसा ठेवायचा? सांगायचंच नाही, असं उदासा गावापर्यंत ठरवलं. उमरेडचा स्टँड आला तेव्हा ठरवलं की सगळं सांगायचं. तिने मला खरं आणायला पाठवलं होतं. बरं वाटेल ते नाही.

आत्या अंगणात बसली होती. समोर दसऱ्याच्या पूजेची हत्यारं: विळा, अडकित्ता, शिवणाची कात्री आणि तिच्या बंद पडलेल्या मागाचा धोटा (आडवा धागा नेणारं लाकूड). बाजूला राखेची वाटी आणि चिंच.

“आली काय वं? हे काय सांडवलं अंगावर? घडी आन इकडं.”

मी काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात तिने रुमाल सोडला, घड्याळ डाव्या तळव्यावर पालथं ठेवलं, अंगठा राखेत बुडवला आणि पाठ घासायला लागली. सवयीने, गोल गोल, काचेला धक्का न लावता.

“आत्या, थांब.”

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. दरवर्षी घासतेस का, मी विचारलं. “मंग? दसऱ्याले बिनघासता पूजेत ठेवतात काय? पहिलं माही आजी घासे, मंग माय, आता मी. बुढ्याची लढाईची वस्तू हाय, चमकली पाह्यजे.”

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सुभेदारांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, चोरीच्या शब्दासकट. तिचा अंगठा पाठीवर तसाच राहिला.

“म्हंजे त्याचा पुरावा आमीच खाल्ला,” ती म्हणाली. जरा वेळाने उठून तिने हात धुतले. “सकाळी त्या सुभेदाराकडं जाऊ. मी येतो.”

बसमध्ये ती घड्याळ हातात घालून बसली. पट्टा सैल होता, तबकडी आतल्या बाजूला. धंतोलीचा जिना तिने कठड्याला धरून, पण न थांबता चढला. सुभेदारांनी दार उघडताच मी आदल्या दिवशी राहिलेलं वाक्य बोलून टाकलं. “काका, झाकण उघडून पाहायचं आहे. बाहेरची खूण आमच्याच घरी घासली गेली. दर दसऱ्याला, राखेनं.”

ते आधी माझ्याकडे, मग आत्याकडे पाहत राहिले.

“काहून पाहता असे?” आत्या म्हणाली. “तुमी पलटणीत काही घासत नव्हते काय?”

सुभेदारांना हसू आलं. पट्ट्याचं पितळी बक्कल त्यांनी वीस वर्षं इतकं घासलं की त्यावरचं चिन्ह बोटालाही लागेना, असं त्यांनी कबूल केलं. मग आत्याने घड्याळ काढायला हात पुढे केला आणि त्यांचं हसू थांबलं.

“मावशी, तबकडी आतून? असं कोणी शिकवलं?”

“शिकवते कोन? आजा तसाच घाले. आमच्यात सारेच घालतात.”

मीही बाही वर केली. सुभेदारांनी दोन्ही मनगटं पाहिली. लढाईत शिपाई घड्याळ असं घालत, ते म्हणाले. काच उन्हात चमकून दुश्मनाला दिसू नये, आणि बंदूक धरलेला हात न फिरवता वेळ दिसावी. बाजारातून घेतलेल्या घड्याळाबरोबर ही सवय येत नाही.

झाकण हट्टी होतं. ते फिरवायची चावी तीनदा निसटली, चौथ्यांदा सुटलं. आतल्या बाजूला, जिथे कुणाचीही राख पोचली नव्हती, तिथे एक छोटा बाण होता आणि त्याखाली नंबर. ठसठशीत. आत्याने भिंग घेतलं नाही. तिने मला विचारलं, “दिसते काय?” दिसतंय, मी म्हणाले.

सुभेदारांनी चोरीचा शब्द मागे घेतला, पण आणखी काही वाढवून सांगितलं नाही. घड्याळ फौजेचं आहे हे नक्की. ते कुणाच्या मनगटावर होतं हे घड्याळ सांगत नाही, आणि परत का गेलं नाही हेही नाही. आत्याने मान डोलावली. “तेवढं पुरते. बाकीचं आमाले ठाऊक हाय.”

दसऱ्याला पाटावर सगळी हत्यारं लखलखत होती. घड्याळ मधोमध, अर्धवट राख पुसलेलं, तसंच मळकट. आत्याने कुंकवाचं बोट काचेला लावलं, पाठीला नाही. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्यांत पंगतीतला तो माणूसही होता. तिने त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि मला म्हणाली, “सांग वं याले.” घरभर माणसं होती. मी सांगितलं, जे कळलं तेवढं, आणि जे कळलं नाही तेही.

घड्याळ उमरेडलाच राहिलं. परतीच्या गाडीत शेजारच्या मुलीने वेळ विचारली, मी तळहात वर केला आणि तिने तेच विचारलं, जे सगळे विचारतात. गाडी वर्धा सोडत होती. मी खिडकीकडे वळले नाही. म्हटलं, “जरा मोठी गोष्ट आहे. ऐकणार?”